मंजिरीचं मेण

वहिनी,

परवा तुझ्या तेराव्याला लोक हसले. तुझ्याच घरात, तुझ्या फोटोसमोर. तू असतीस तर सगळ्यांत आधी तूच हसली असतीस, म्हणून सांगते.

झालं असं की बासुंदी पातळ राहिली. सुषमाताईंनी दुकानातून घाईघाईत कमी सायीचं दूध उचललं होतं, ते कितीही आटवलं तरी दाट होईना. वाढताना त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "झालं! मेण चुकलं!" आणि सगळे हसले. मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण कशासाठी जमलोय. सुषमाताईंनी डाव हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

नागपूरहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं. त्यातला तो बिचारा शेजारच्याला हळूच म्हणाला, "मेण म्हणजे?" मग त्याला समजावणं आलं. "अरे, सतीशची ही बहीण डंडॉकला असते ना, ती स्कीइंग करते. डोंगरावरून खाली येतात ते नाही रे बाबा. सपाटीवर, चढावर, दोन काठ्या मारत मैलोन्‌मैल पळतात, ते. आयर्लंडकडून खेळते, बोल! त्या स्कीला चढावर पकड मिळावी म्हणून खालून मेण लावावं लागतं. ते लावायची मंजिरी. आणि दरवर्षी मेण चुकायचं, आणि ही आपली मागे राहायची. म्हणून आपल्या लिक्सलिप गावच्या मराठी ग्रुपमध्ये काहीही बिघडलं की म्हणतात, मेण चुकलं. मंजिरीचं मेण!"

"अच्छा, असं होय," तो म्हणाला आणि कुठे पाहावं ते न कळून पानातल्या कोशिंबिरीकडे पाहू लागला.

दादा खाली मान घालून जेवत होता. तोही किंचित हसला. मी वाढत होते, मी वाढत राहिले. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तू गेल्यापासून माझं हे असंच चाललंय. थंडीत बोटं बधिर झाली की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. लोक येतात, डोक्यावरून हात फिरवतात, मी चहा टाकते.

पण बासुंदीच्या त्या प्रकारानंतर एक गोष्ट डोक्यातून जाईना. तू मागे काय ठेवून गेलीस, तर तुझी लेक रिया, दादा, शेडमधल्या तुझ्या ब्रशांची रांग, आणि हा एक विनोद. पुढे कितीतरी वर्षं कुणाचा उपमा चिकट झाला की लोक तुझं नाव घेणार. प्रेमानेच घेणार. आणि तो विनोद खोटा होता हे आपल्या माणसांत एकट्या मला माहीत होतं.

एकदा मात्र तुझं मेण खरंच चुकलं होतं. ते नाकारून कसं चालेल!

मी तुमच्याकडे राहून शिकत होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजातल्या मुलींबरोबर मी बागेत चाकांच्या स्की करून बघायला गेले होते. इथे बर्फ नाही, म्हणून इथली मंडळी वर्षभर डांबरी रस्त्यावर चाकं लावलेल्या स्कीवर सराव करतात आणि हिवाळ्यात आठवडा-पंधरवडा खऱ्या बर्फावर जाऊन हरून येतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. लहानपणी पुण्यात स्केटिंगच्या सगळ्या शर्यती मारलेल्या, आईच्या शोकेसमध्ये ठेवायला जागा नव्हती इतके कप, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी तोल सावरून निघाले. क्लबचा म्हातारा प्रशिक्षक डेक्लन म्हणाला, "युअर वन कॅन बॅलन्स!" म्हणजे, हिला तोल सांभाळता येतो. झालं. मी घरी येऊन जाहीर केलं की मी नॉर्वेला शर्यतीला जाणार. दादा म्हणाला, "एकटी बर्फात कुठे जातेस? घसरगुंडीच खेळायची तर समोर पार्क आहे." तू म्हणालीस, "मी जाते वन्संबरोबर. मला बर्फ बघायचंय." तू मला वन्सं म्हणायचीस ते चिडवायला. पुढे पुढे तेच माझं नाव झालं.

त्या वर्षी दिवसा बर्फ वितळायचं आणि रात्री दगडासारखं गोठायचं. असल्या बर्फावर साधं मेण टिकत नाही, ट्यूबमधलं चिकट मेण लागतं. डेक्लनने ट्यूब तुझ्या हातात ठेवली. तू झाकण उघडलंस, वास घेतलास, बोटाला लावून पाहिलंस आणि तुझा चेहरा फुलला. "अगं, हा तर फणसाचा चीक!"

रत्नागिरीच्या मुलीला चिकाचं काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. तू पिशवीतून खोबरेलाची बाटली काढलीस, फणस फोडायला बसावं तसे दोन्ही हात मनगटांपर्यंत तेलाने माखलेस आणि त्या बोटांनी मेण छान सारखं पसरलंस. चीक हाताला लागला नाही. स्कीलाही लागला नाही. पहिल्याच चढावर मी पुढे पाऊल टाकावं आणि मागे यावं. सगळ्या बायका मला ओलांडून गेल्या, त्यांच्या मागून निघालेल्या मुलीही गेल्या. शेवटची आले. डेक्लनने स्की उलटी करून नाकाशी नेली, बराच वेळ हुंगली आणि म्हणाला, "जीझस, मंजिरी. इज दॅट कोकोनट?"

मी लाकडी खोपटात बसून रडत होते. तू दारात उभी राहिलीस, कोपरापर्यंत चमकणारे हात पुढे धरून, आणि म्हणालीस, "वन्सं, माझं मेण चुकलं." मला रडतारडता हसू फुटलं. परत आल्यावर ही कथा तू स्वतःच सगळ्यांना सांगितलीस, हातवारे करून. तिथून तो विनोद सुरू झाला.

पण तू चिपच्या कारखान्यातली बाई. दिवसभर नखशिखांत पांढरा अंगरखा घालून वावरणारी, जिथे एक धुळीचा कण पडला तर अख्खा माल वाया जातो तिथे काम करणारी. तुझ्या हातून एकच चूक दोनदा होणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी शेडमधलं लॉन मॉवर बाहेर पावसात गेलं आणि तिथे मेण लावायचं टेबल आलं. हातमोज्यांशिवाय कुणी स्कीला शिवायचं नाही. ब्रश टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने, उलटा हात फिरवायचा नाही. मेणाची इस्त्री वेगळी, घरातली वेगळी; एकदा दादाने शर्टासाठी मेणाची इस्त्री उचलली तेव्हा तू केवढ्याने ओरडली होतीस! शर्यतीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून बर्फावर जायचीस, मूठभर बर्फ दाबून बघायचीस, वेगवेगळी मेणं लावलेल्या स्कींवर स्वतः चढ चढून बघायचीस. पडायचीसही. पर्समध्ये थर्मामीटर आणि बुचाचा तुकडा. तो तुकडा मेण घासून पसरायला, पण विमानतळावर दरवेळी तुला त्याचं काय ते विचारायचे, आणि तू त्यांना तिथेच शिकवायला लागायचीस.

त्या दुसऱ्या वर्षी माझी स्की अशी धावली की मला आधी खरंच वाटेना. पकडायची तिथे पकडत होती, सोडायची तिथे सोडत होती. आणि तरी मी खूप मागे राहिले. इतकी मागे, की या वेळी तेलाचं निमित्तही नसल्यामुळे त्याची लाज जास्त वाटली.

मी रेषा ओलांडून तुझ्याकडे आले तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं ते तुलाच माहीत. लहानपणापासून जिंकून आलेल्या माणसाला हरल्यावर चेहरा कुठे ठेवायचा ते माहीत नसतं. तू माझ्या अंगावर जाकीट टाकलंस, गुळाचं गरम पाणी दिलंस आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "माझंच मेण चुकलं गं. जरा मऊ पडलं."

मी म्हटलं, "हो, थोडं चिकटत होतं."

आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. तिथे आपलं ठरून गेलं.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. आपल्या बाबतीत अंगणच पुढे व्हायचं आणि म्हणायचं, बाई, मीच वाकडं आहे. मला कारण ठाऊक होतं. डेक्लनने पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. चाकांच्या स्कीचं चाक उलटं फिरत नाही. पाय कधीही दाबा, कसाही दाबा, रस्त्यावर पकड मिळतेच. बर्फावर तसं नाही. तिथे सगळं अंग एका पायावर येण्याचा तो एक क्षण असतो, तेव्हाच दाबायचं. जरा उशीर झाला की पाय निसटतो. मी उशिरा दाबते. इथल्या रस्त्यांवर तयार झालेले आम्ही सगळेच थोडेफार उशिरा दाबतो, मी जरा जास्तच. डंडॉकच्या पावसात ऑफिस सुटल्यावर मी वर्षभर घाम गाळून काय केलं असेल, तर तो उशीर पक्का केला.

तुझं मेण काही करू शकत नव्हतं. तरी तू दरवर्षी मेण कसं चुकलं याचं नवीन कारण शोधायचीस. ऊन आलं. ऊन नाही आलं. झाडांखाली बर्फ वेगळं होतं. मग भाड्याच्या त्या खोपटात पिठलं-भात व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुढच्या वर्षीच्या मेणाबद्दल बोलायला लागायचीस. निकालातून बाहेर पडायचे लोक किती उपाय सांगतात! मन शांत ठेवा, स्वतःशीच स्पर्धा करा. माझा उपाय तू होतीस. दोष तुझ्या पदरात, मला फक्त सराव. इतकं सोपं होतं म्हणून मी इतकी वर्षं टिकले. खरं सांगते, त्यातलं निम्मं खेळणं तुझ्यासाठी होतं. तुझ्याबरोबर त्या थंडगार गावात आठवडाभर राहायला मिळायचं.

शर्यतीत शेवटच्या चढावर सगळ्यांची माणसं त्यांना ओरडून सांगत असायची, इतके सेकंद मागे, तितके सेकंद पुढे. तू बाटली घेऊन माझ्या बाजूने बर्फात गुडघाभर धडपडत धावायचीस आणि ओरडायचीस, "रात्री सोलकढी आहे गं! पाकीट आणलंय!" एका नॉर्वेच्या प्रशिक्षकाने मला विचारलं होतं की ती तुला काय सूचना देते. मी म्हटलं, तंत्राबद्दल आहे.

आणि घरी आल्यावर दादाचं चालायचं. "तुला मेण लावता येत नाही तर दरवर्षी कशाला जातेस त्या देशात?" पाहुण्यांसमोर, हसत हसत. मी तोंड उघडलं की टेबलाखालून तुझा पाय माझ्या पायावर यायचा. "पुढच्या वर्षी बघाच," तू म्हणायचीस आणि कपाटातून चिवड्याचा डबा काढायचीस.

मग या मार्चचं.

इतका सरळ दिवस आपल्याला कधी मिळाला नव्हता. कोरडी थंडी, जुनं घट्ट बर्फ, वारा नाही. अशा दिवशी निळं मेण लावायचं, बस. चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. मोठ्या स्पर्धेची पात्रता या वर्षी मिळाली नाही तर पुढे वयाने मिळणं अवघड, हे आपल्याला दोघींना माहीत होतं. मी जीव तोडून गेले. पात्रता मिळाली नाही. थोडक्यात हुकली असंही नाही, आदल्या वर्षीपेक्षा जास्त लांब राहिले.

मी तुझ्याकडे आले. जाकीट आलं. गुळाचं पाणी आलं. मी वाट बघत होते. आणि तू म्हणालीस, "आज मेण बरोबर होतं, वन्सं."

"काय?"

"बरोबर होतं. मी बघितलंय." आणि तू वाकून माझ्या काठ्या उचलायला लागलीस.

मला राग आला, वहिनी. फार आला. रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तू म्हणालीस, "अगं, बोल की काहीतरी." मी म्हटलं, "मी काय बोलू? बोललीस ना तू." त्यावर तू म्हणालीस, "दरवर्षी चुकून चुकून मी थकले गं." तेव्हा तू हसत होतीस की नाही, ते मला आठवत नाही. इतक्या वेळा आठवून पाहिलं, तुझ्या हातातला कॉफीचा कप आठवतो, त्यावरचं झाकण आठवतं, तोंड आठवत नाही. मग आपल्या विमानाची घोषणा झाली आणि तू म्हणालीस, घरी गेल्यावर बोलू.

घरी गेल्यावर तुझ्या कारखान्यात काहीतरी मोठं काम निघालं, माझं ऑफिस होतं, मग ईस्टर आला. फोनवर आपण रियाच्या परीक्षेबद्दल बोललो. आणि एका सकाळी कामावर निघताना तुझं डोकं दुखायला लागलं. दुपारपर्यंत तू नव्हतीस.

दादाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मी लॅपटॉप बंद केला, कोट घातला, गाडी काढली. डंडॉकपासून हॉस्पिटलपर्यंत प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला. हे मला स्पष्ट आठवतं, कारण तेव्हासुद्धा मला त्याचं आश्चर्य वाटत होतं.

तुला निरोप द्यायला किती माणसं आली म्हणून सांगू! इथली रीत तुला माहीत आहे, रांगेने येतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "सॉरी फॉर युअर ट्रबल." आपल्या मंडळींना कळेना नमस्कार करायचा की हात द्यायचा, काहींनी दोन्ही केलं. दादा रिसेप्शनला उभं राहावं तसा उभा राहून प्रत्येकाला "थँक्यू, थँक्यू" म्हणत होता. रियाला मी जवळ घेतलं तर ती म्हणाली, "आय'म ग्रँड, मी ठीक आहे, आत्या," आणि माझ्या खांद्यावर तशीच कितीतरी वेळ राहिली. डेक्लन आला. इस्त्री केलेला कोट, चुरगळलेला टाय. माझा हात धरून म्हणाला, "बेस्ट हँड्स इन द कंट्री, शी हॅड. यू नो दॅट, डोन्ट यू?" मी मान हलवली. त्याच्यामागे रांग होती, तो पुढे गेला.

दहाव्याचे विधी पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओवरून सांगितले. मागच्या अंगणात पिंड ठेवला आणि हात जोडून मागे वळतोय तोवर कावळा आलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. म्हणाले, मंजिरीची काही इच्छा राहिली नव्हती. मला ते पटलं नाही. इथले कावळे कशालाही तोंड लावतात, चिप्सची पाकिटंसुद्धा सोडत नाहीत.

माझं तुझ्याशी भांडण चालूच आहे. गाडी चालवताना, भांडी घासताना. मेण बरोबर होतं, म्हणजे काय म्हणायचं होतं तुला? आता पुरे कर, असं? की आता तुझा निकाल तू सांभाळ, मी किती दिवस पुरणार, असं? हे दोन अर्थ मी आलटून पालटून घेते आणि दोन्हींवर तुझ्याशी वाद घालते. पण तिसराही एक आहे, आणि तो मला फार छळतो. कदाचित तुला काहीच सुचवायचं नसेल. कदाचित त्या दिवशी तुझं मेण इतकं सुंदर लागलं होतं की एकदा, फक्त एकदा, तुला कुणीतरी "वा" म्हणायला हवं होतं.

तू असतीस तर विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, "एवढा विचार करतेस म्हणून तर हळू आहेस." ते तरी ऐकायला मिळालं असतं.

आज सकाळी क्लबची सरावाची शर्यत होती, बागेतल्या रस्त्यावर, चाकांवर. मी जाणार नव्हते. दादाचा फोन आला. "आज तुझं ते असतं ना? मी येतो. घरात बसवत नाही."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा आला. थर्मास घेऊन आला. रेनकोट तुझा होता, बाह्या आखूड होत होत्या. वळणावर कुठे उभं राहायचं ते डेक्लनने त्याला दाखवलं. मी पहिली फेरी मारून आले तेव्हा त्याला काय ओरडावं ते सुचेना. आधी माझं नाव घेऊन ओरडला, मग म्हणाला, "सावकाश गं! ओलं आहे!" शर्यतीत मला सावकाश जा म्हणणारा तो पहिलाच माणूस. दुसऱ्या फेरीला त्याने झाकणात ओतून गुळाचं पाणी पुढे केलं, निम्मं माझ्या हातमोज्यावर सांडलं.

पाऊस पडत होता. पाय जड झाले होते. नवीन आलेल्या कॉलेजच्या मुली मला ओलांडून गेल्या. मी शेवटून दुसरी आले. शेवटचा जो होता त्याचा गुडघा दुखत होता.

मी गाडीपाशी जाऊन स्की सोडायला बसले. दादा आला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला स्कीमधलं काही कळत नाही, पण बहिणीचं तोंड त्याला कळतं. जरा चुळबुळला आणि म्हणाला, "पाणी जास्त गरम झालं का गं? त्यानेच झालं असेल. मीच उकळत ओतलं."

मी वर पाहिलं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"पाणी ठीक होतं, दादा. मी हळू आहे."

"नाही, नाही, मी जरा निवू द्यायला…"

"दादा. मी हळू आहे. पहिल्यापासून. आणि वहिनीचं मेण कधीच चुकलं नाही. ते खोबरेल सोडलं तर एकदाही नाही."

तो थर्मासचं झाकण लावत होता, ते त्याला लागेना.

"मग ती तसं का सांगायची?"

"मला वाईट वाटू नये म्हणून."

"मला पण तेच सांगायची. घरात. मला पण!" तो गाडीच्या उघड्या डिकीच्या कडेवर बसला. "मी तिला एवढं चिडवलं."

"तिला चालायचं ते. मी बोलायला गेले की माझ्या पायावर पाय द्यायची."

त्याने थर्मास बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे ती यात चांगली होती?"

"फार चांगली होती. बाकीच्या देशांची माणसं येऊन तिला विचारायची, आज काय लावलंय म्हणून."

"हो?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा मी इतक्या दिवसांत तसा पाहिला नव्हता. बायकोचं कौतुक ऐकणाऱ्या माणसाचा असतो, तसा झाला होता. "सांग ना. काय विचारायचे?"

तेव्हा मला रडू आलं, वहिनी. इतके दिवस आलं नव्हतं ते सगळं आलं. मी रडत रडत त्याला सांगत होते, नॉर्वेचा एक म्हातारा कसा तुझ्याकडून बर्फ बघून घ्यायचा, आणि या मार्चमध्ये माझी स्की कशी पाण्यासारखी चालली होती. तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मी पुन्हा पुन्हा सांगत होते. डेक्लन लांबून आमच्याकडे बघून परत गेला.

मग दादाने खिशातून फोन काढला. लिक्सलिपचा ग्रुप उघडला; त्यात लोक अजून तुझे फोटो टाकतायत. पाऊस पडद्यावर पडत होता, तो बाहीने पुसायचा आणि एका अंगठ्याने लिहायचा. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. "मंजिरीचं मेण बरोबर होतं. दरवर्षी बरोबर होतं. मला आजच कळलं."

त्याचा अंगठा तसाच थांबला.

"लोक विचारतील, मग ही मागे का राहायची?" तो म्हणाला. "काय लिहू?"

"लिही, ती हळू आहे."

"असं लिहू? सगळ्यांत?"

"लिही."